भाडेकरूचे कागद मागताय? आधी आपला भाडेकरार दाखवा

सध्या तो मेसेज पुन्हा फिरतोय. "आपल्या भागात अनोळखी लोक वाढले आहेत, भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या, जागरूक राहा." उस्मानपुऱ्यातल्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला तो आला. खाली नेहमीप्रमाणे अंगठे, जोडलेले हात, आणि चौथ्या-पाचव्या उत्तराला कुणीतरी "बांगलादेशी घुसलेत सगळे" असं लिहून मोकळं.

मेसेजमध्ये चुकीचं काही नाही. भाडेकरूची माहिती द्यायलाच पाहिजे. पोलीस आयुक्तालयाचे तसे आदेश अधूनमधून निघतात, आपणच त्या बातम्या छापतो. फक्त एक गंमत बघा. माहिती द्यायची जबाबदारी मालकाची आहे, आणि मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांत निम्मे मालकच आहेत. पीरबाजारापासून मागच्या गल्ल्यांपर्यंत ज्यांच्या दुसऱ्या मजल्यावर चार-चार खोल्या काढल्यात, पत्रा टाकून वर अजून दोन चढवल्यात, तेच लोक. त्यातल्या कितीजणांकडं नोंदणी केलेला भाडेकरार आहे? मी विचारत फिरलो. हसतात लोक. एकानं सांगितलं, "भाऊ, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मग बिनकागदी माणूस सीमेवरूनच येतो असं आपण का धरून बसलोय? बहुतेक तर आपल्याच गल्लीत तयार होतात. गावाकडून निघताना त्याच्याकडं कागद असतात. इथं आल्यावर ते कामाचे राहत नाहीत.

कसं होतं ते सांगतो, कारण ज्याचं घर स्वतःचं आहे त्याच्या हे ध्यानात येत नाही.

हिंगोलीचा, उमरियाचा किंवा मालद्याचा माणूस इथं सेंट्रिंगच्या कामाला येतो. खिशात आधार असतो, त्यावर गावचा पत्ता. खोली मिळते, भाडं रोखीनं, पावती नाही, लाइट सबमीटरवर, म्हणजे वीजबिल त्याच्या नावाचं कधी होणारच नाही. करार नाही. त्यामुळं या शहरातला त्याचा पत्ताच नाही. पत्ता नाही म्हणून आधार बदलत नाही. आधार बदलत नाही म्हणून गॅसचं कनेक्शन नाही. बँकेत गेला तर "पत्त्याचा पुरावा आणा". कंपनीचा पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पण हे त्याला कुणी सांगत नाही. तो कोपऱ्यावरच्या दुकानात किलोच्या हिशोबानं गॅस भरून आणतो, महाग तर महाग, वर स्फोटाची भीती वेगळी. पाणी आपल्याकडं किती दिवसांआड येतं ते तुम्हाला सांगायला नको, पण टाकी मालकाची आणि चावीही मालकाच्या हातात.

तीन-चार वर्षं तो असा राहतो. तुमच्या-माझ्या घराचा स्लॅब टाकतो, फरशी बसवतो. आणि एक दिवस ग्रुपवर मेसेज येतो की अनोळखी लोक वाढलेत.

परवा एका ग्रुपवर अशीच चर्चा तापली. मागच्या गल्लीत सात-आठ पोरं राहतात, रात्री उशिरा येतात, बंगाली बोलतात, कुणीतरी चौकशी करा. म्हटलं, आपण जाऊन बघावं. एक खोली, दहा बाय बाराची. सात जण. दोघं पीओपीचं काम करणारे, बाकी फरशीवाले. भाडं माणशी लावलेलं, म्हणजे कुटुंबाला दिली असती तर जेवढी आली असती त्याच्या दुप्पट वसुली. सगळ्यांकडं आधार, पाचजणांकडं मतदार कार्ड, तिघांकडं गावच्या पंचायतीचे दाखले, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले. मी मागितले नव्हते. मी दारात उभा राहिलो तशी एकानं आपण होऊन ती पिशवी पुढं केली. पोरगा बावीस-तेवीसचा असेल. "काका, सब है," म्हणाला. दारात कुणी उभं राहिलं की त्याचा हात आधी त्या पिशवीकडं जातो. आपल्या घरी कुणी आलं तर आपण पाणी विचारतो.

त्यांच्याकडं नव्हता तो एकच कागद, भाडेकराराचा. आणि खोली कुणाची? ज्यांनी ग्रुपवर "चौकशी झालीच पाहिजे" लिहिलं होतं, त्यांच्या सख्ख्या चुलतभावाची. त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, "आपलं काय, आपण भाडं घेतो, बाकी त्यांचं ते." दोन दिवसांनी त्या पोरांना महिनाअखेर खोली खाली करायला सांगितली. ते आता बीड बायपासकडं खोली बघतायत. तिथल्या मालकाची पहिलीच अट आहे, कराराचं नाव काढायचं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम ५५. भाडेकरार लेखी पाहिजे, नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर अजून एक गोष्ट मालकांना माहीत नसते: लेखी करार नसेल आणि वाद झाला तर अटी-शर्तींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. बाँडवर नोटरीचा शिक्का मारून आणतात ती नोंदणी नव्हे. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे आपल्याकडच्या खोल्यांना काही शे रुपये. नोंदणी फी शहरात हजार. एजंटचे वेगळे. ऑनलाइन होतं, ऑफिसात खेटे मारायचीही गरज नाही. मुळात प्रश्न हजार रुपयांचा नाहीच. भीती असते ती घरपट्टी वाढायची, बांधकाम परवानगीचा विषय निघायची, आणि भाड्याचं उत्पन्न कागदावर यायची. मालकाला स्वतःचा कागद व्हायला नको असतो, म्हणून भाडेकरूला कागद मिळत नाही.

ठेकेदाराचंही तेच. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला १९७९ साली. त्यात लिहून ठेवलं होतं की पाच किंवा जास्त परप्रांतीय मजूर लावणाऱ्या ठेकेदारानं परवाना घ्यायचा आणि प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात कामाचं ठिकाण, मजुरीचा दर, सगळं. पंचेचाळीस वर्षं झाली. वीस-बावीस वर्षांच्या पत्रकारितेत असं पासबुक मी एकाही मजुराच्या हातात पाहिलेलं नाही. कामगार न्यायालयाच्या आवारात विचारलं, तिथल्या वकिलांनीही नाही. आता नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, तर त्यात पाचाची मर्यादा दहावर नेलीय. म्हणजे नऊ मजूर घेऊन फिरणारा छोटा ठेकेदार त्यातून सुटला, आणि आपल्या भागातली घरं बांधणारे बरेचसे असेच छोटे ठेकेदार.

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी घ्या. मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार देऊ शकतो. देत नाही, कारण दिला तर हे माझे मजूर असं कबूल केल्यासारखं होतं, उद्या कुणी पडलं-झडलं तर अंगावर येतं. दुसरीकडं मंडळाची भांड्यांची पेटी कुणाकुणाच्या घरी पोचलीय ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्यांनी जन्मात विटेला हात लावला नाही त्यांच्या ओट्यावर तो कुकर आहे. स्लॅबवरचा माणूस मात्र नोंदणीत नाही.

या सगळ्याचा शेवट कुठं होतो ते आपल्या जिल्ह्यानं बघितलंय. ८ मे २०२०, करमाडजवळचा रेल्वेमार्ग. जालन्यात स्टीलच्या कारखान्यात काम करणारे वीस मजूर, बहुतेक मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरियाचे. लॉकडाऊन. भुसावळहून गावाकडं गाडी मिळेल या आशेनं रात्री रुळावरून चालत निघाले. थकले, रुळावरच आडवे झाले. पहाटे सव्वापाचच्या सुमाराला मालगाडी आली. सोळा गेले. रुळावर पडलेल्या चपात्यांचा फोटो देशभर छापला गेला, तुम्हाला आठवत असेल. वाचलेल्यांनी नंतर सांगितलं की त्यांनी प्रवासाच्या पाससाठी अर्ज केले होते, आठवडा झाला तरी काही कळलं नव्हतं. पास नाही म्हणून रस्ता सोडून रुळावरून चालले, रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून. म्हणजे कागद नाही म्हणून रूळ. आणि पुढं, मेल्यानंतरही कागदानं पाठ सोडली नाही. अनेक महिने उलटले तरी मृत्यूचे दाखलेच मिळाले नाहीत, त्यामुळं बायकांना पेन्शन नाही, खाती अडकलेली, अशा बातम्या त्यांच्या गावांतून येत राहिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारनं लोकसभेत लेखी उत्तर दिलं, टाळेबंदीत गावाकडं निघालेले किती मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही.

हे सगळे भारतीय होते, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर कमेंटमध्ये लगेच येईल, "पण खऱ्या घुसखोरांचं काय?"

त्याचंही बोलू. सीमा ओलांडून, खोटे कागद करून आलेले लोक महाराष्ट्रात नाहीत असं मी म्हणत नाही. पोलिसांनी पकडलेत, कोर्टात शिक्षा झाल्यात. कायद्यानं कारवाई व्हावी. पण त्याला खोटं आधार कुणी काढून दिलं? खोली कुणी दिली? कामावर कुणी ठेवलं, इतरांपेक्षा शंभर रुपये कमी हजेरीवर? पकडला जातो तेव्हा फोटो एकाचाच येतो, तोंडाला रुमाल बांधलेला. बाकीचे तिघं त्याच दिवशी ग्रुपवर जागरूक नागरिक असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते वेगळं नसतं. तसा हा माणूस काही संन्यासी नाही, कबूल. पण धंदा करणारे मोकळेच राहतात.

आणि संशयाची एक अडचण आहे. परकीय नागरिकांच्या कायद्यात, १९४६ च्या जुन्या आणि २०२५ च्या नव्याही, आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच डोक्यावर असतं. चोरीच्या गुन्ह्यात पोलिसांनी सिद्ध करायचं असतं, इथं उलट. सिद्ध कशानं करायचं? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आधारच्या कायद्यातच तसं लिहिलंय. जून २०२५ मध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणारा मुर्शिदाबादचा एक माणूस असाच पकडला गेला. घरच्यांनी कागद पाठवले, पंचायतीनं दाखला पाठवला. तरी त्याला सीमेपलीकडं बांगलादेशात ढकललं गेलं. पश्चिम बंगाल सरकारनं धावपळ केली तेव्हा काही दिवसांनी परत आणला. आपल्याच देशाचा नागरिक. गुन्हा काय, तर बंगाली बोलतो. अरे, बंगाल भारतातच आहे ना? राष्ट्रगीत कोणत्या भाषेतून आलंय?

कागदाचा हा फास आपल्या माणसाच्या गळ्यालाही बसतो. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं उशिराच्या जन्मनोंदणीचे दाखले द्यायचं काम थांबवलं. मालेगाव, अमरावती, अकोल्याकडं बांगलादेशी-रोहिंग्यांना दाखले दिल्याचे आरोप झाले, चौकशी लागली, पुढं तहसील पातळीवरून दिलेले कितीतरी दाखले रद्द करायचे आदेश निघाले. चौकशी जरूर व्हावी. पण उशिरा दाखला लागतो कुणाला? ज्याचा जन्म दवाखान्यात झाला नाही त्याला. बीड, जालना, पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगाराच्या पोराला, जे कोपीत जन्मलं, आई-बाप तेव्हा सांगलीला होते की बेळगावला हेही नीट आठवत नाही. पालावर जन्मलेल्या भटक्यांच्या पोरांना. पारध्यांना. यांच्या तीन पिढ्या महाराष्ट्राच्या बाहेर राहायला गेल्या नाहीत, आणि कागदाच्या हिशोबानं तेही त्या बंगाली पोरांच्याच रांगेत उभे आहेत. एक मावशी आमच्या चौकात चिंध्या-भंगार गोळा करतात, मूळ गाव परतूरकडचं. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज निघाले तेव्हा सेतू केंद्रापुढं चार दिवस उभ्या होत्या. अधिवास नाही, पंधरा वर्षं जुनं रेशनकार्ड नाही, जन्मदाखला नाही. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "लेका, मी हाय का नाय एवढं तरी कुणी लिहून दील का?"

आरोग्याचंही सांगून ठेवतो, उपयोगाचं आहे म्हणून. घाटीत केसपेपर निघतो, तिथं आलेला माणूस परत पाठवत नाहीत. पण मोठं ऑपरेशन आलं की महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड किंवा अधिवास दाखला लागतो, आणि तिथं गाडी अडते. पोरांच्या शाळेला मात्र कागद आडवा येऊ शकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १४: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तुमच्या गल्लीत असं कुणाचं पोर घरी बसलं असेल तर शाळेत घेऊन जा आणि हे कलम सांगा. टीसी नाही हेही कारण चालत नाही, कलम ५ मध्ये ते आहे.

काहीजण म्हणतील, शहरावर बोजा किती घ्यायचा. आपण सगळे कुठून आलो ते आठवून बघा की. माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गाव सोडून निघाले, कोणता दाखला घेऊन निघाले होते? चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीनं अर्धा मराठवाडा इथं आणून वसवला. आणि हे गाव मुळात वसवलं कुणी? मलिक अंबरनं, १६१० च्या सुमाराला, खडकी नावानं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला, बगदादवरून दख्खनेत आलेला माणूस. २०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा आपल्या सगळ्यांच्या आधारवर जुनंच नाव होतं, कितीजणांच्या अजून आहे. म्हणून आपल्याला कुणी पिशवी उघडायला लावली नाही.

आणि आपली पोरं बाहेर गेली की हेच होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, हातकड्या-बेड्या घातलेले १०४ भारतीय घेऊन. त्यात महाराष्ट्राचे तिघं होते. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो, मीही पोस्ट टाकली होती. बरोबरच होतं ते. त्या तिघांनाही तिथं कुणीतरी खोली दिली असती आणि रोखीनं हजेरी दिली असती. कागदाचं नाव मात्र काढलं नसतं.

असो. बोलून झालं, आता कामाचं. उस्मानपुऱ्यातले जे मालक खरंच काळजीपोटी तो मेसेज पाठवतायत, त्यांनी या महिन्यात आपल्या एका खोलीचा करार नोंदवून घ्यावा. एकाच. मग पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती त्याच कराराच्या प्रतीसह द्यावी. कसं करायचं ते माहीत नसेल तर मला विचारा, दोन ओळखीचे एजंट आहेत, जास्त घेत नाहीत. दोन मालक तयार झालेत. त्यांना घरपट्टीची वाढीव नोटीस आली तर तीही इथं टाकतो, लपवणार नाही. नगरसेवकांनाही विचारणार आहे, की ज्या मालकानं भाडेकरू स्वतःहून दाखवला त्याला पहिली दोन वर्षं करात सूट द्यायला काय हरकत आहे. महापालिकेला तसंही ते पैसे आज मिळतच नाहीत.

आणि बांधकामवाल्यांपैकी कुणी आपल्या मजुरांना ९० दिवसांचा दाखला सही-शिक्क्यानिशी द्यायला तयार असेल तर इनबॉक्स करा. त्या सात पोरांनाही लागणार आहे. चार दिवस फिरलो, आतापर्यंत एकच ठेकेदार हो म्हणालाय, आणि तोही म्हणतो, माझं नाव पोस्टमध्ये टाकू नका.